आधी विचारावं, मग द्यावं

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



समितीने आम्हाला सांगितले होते की, वर्धापनदिन आहे, तेव्हा महिला मंडळाच्या कार्याचा आढावा घ्या. त्याप्रमाणे आम्ही वह्या काढल्या आणि आकडे जुळवायला बसलो. किती वर्षावास झाले, किती सहली निघाल्या, दवाखान्यात किती डबे गेले. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की, आढाव्यात आकडे येतील, अक्का काही येणार नाही. म्हणून आढाव्याचा कागद आम्ही अध्यक्षांकडे दिला आहे, तो त्यांनी स्मरणिकेत छापावा. आम्ही मात्र इथं एक घडलेली गोष्ट सांगणार आहोत.

आम्ही मुळात चौघी. आज तुमच्यापुढं उभ्या आहोत त्या तिघी. चौथी अक्का. तिचं नाव आम्ही घेत नाही, कारण देणगीच्या फलकावरसुद्धा तिनं कधी आपलं नाव लिहू दिलं नाही. जुन्या लोकांना सांगायची गरज नाही, आणि नव्या सुनांनी घरी सासूला विचारावं.

आम्ही चौघी या वस्तीत सुना म्हणून आलो. ओळख झाली ती नळावर. घागरी रांगेला लावायच्या आणि तिथंच सुखदुःख बोलायचं. विहार तेव्हा म्हणजे पत्र्याचं शेड. खाली शेणानं सारवलेली जमीन, भिंतीला बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. दर पौर्णिमेला सारवायची पाळी ठरलेली. अक्का आमच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. शिक्षण जेमतेम चौथी. पण पाळी कोणाची आहे, कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोणाचा नवरा कामावरून बसलाय, हे सगळं तिच्या तोंडपाठ असायचं.

आमच्यातल्या एकीच्या सासूबाई कसबे तडवळ्याकडच्या. बाबासाहेब १९४१ साली फेब्रुवारी महिन्यात तडवळ्याला आले होते, महार-मांग वतनदार परिषदेला. तेव्हा सासूबाई लहान पोर होत्या. त्या सांगायच्या की, आसपासच्या मोगलाईतून माणसं चालत आली, बायका डोक्यावर भाकरीची गाठोडी घेऊन आल्या. "बाबासाहेब काय बोलले ते मला कळलं न्हाई," असं त्या मोकळेपणानं सांगायच्या. "पण माझ्या मायनं रस्त्यात कुणा अनोळखी बाईला आपली अर्धी भाकर दिली, ते ध्यानात हाय. दिली कशी? तर आधी इचारलं, 'जेवलीस का गं?'" हे आम्ही पन्नास वेळा ऐकलं असेल. त्यातलं मर्म समजायला मात्र १९९३ साल यावं लागलं.

ते साल या जिल्ह्यात कोण विसरेल! अनंत चतुर्दशी झाली, गणपती बुडवून लोक रात्री उशिरा झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना धरणी हलली. आपल्या शहरातही भांडी पडली. आम्ही लेकरं काखेत मारून बाहेर पळालो. उजाडल्यावर कळलं की किल्लारीकडं आणि आपल्या सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवीकडं गावंच्या गावं बसली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सरकारी हिशेबानं आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बावन्न गावं नव्यानं वसवावी लागली.

एवढी माणसं का गेली, हे तेव्हा आम्हाला कळलं नव्हतं. ते पुढं कळलं, आणि नव्या पिढीनं ते समजून घ्यावं. तिकडची जुनी घरं दगडमातीची. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, पण दगड नुसते मातीत बसवलेले. वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं माळवद. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी दरवर्षी वर पांढरी माती टाकायची. बापानं टाकली, लेकानं टाकली, असं करत करत छताचं ओझं वाढत गेलं. उन्हाळ्यात घर गार राहायचं, म्हणून लोकांना त्याचा अभिमान असायचा. त्या पहाटे तेच छत अंगावर आलं. गावाबाहेर ज्यांच्या कुडाच्या, गवताच्या, पत्र्याच्या झोपड्या होत्या, त्यांतली बरीच माणसं वाचली. ज्यांना वाडा बांधणं जमलं नव्हतं, ती दुसऱ्याच्या वाड्याचे दगड उपसायला धावली.

दुसऱ्या दिवशी आपल्या वस्तीतल्या पोरांनी टेम्पो ठरवला. अक्का म्हणाली, "आपुन बी जायचं." घरी विचारलं, तर कोणाचा नवरा गप्प, कोणाची सासू रागावलेली. लेकरं कोण सांभाळणार? चूल कोण पेटवणार? तडवळ्याच्या सासूबाईच पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या त्यांना. चार दिस मी बघते चारी घरं." त्या चार दिवसांत आमच्या घरच्या पुरुषांनी पहिल्यांदा पीठ मळलं. भाकरी नकाशासारख्या झाल्या, पण झाल्या. हे आम्ही हसण्यावारी सांगत नाही. बाई सेवेला बाहेर पडते तेव्हा मागं घरात कोणीतरी तिचं काम उचललेलं असतं. त्याचीही नोंद आढाव्यात व्हावी.

रात्रभर भाकऱ्या थापल्या. शेंगदाण्याची चटणी, कांदे, जुनी लुगडी, पोरांचे कपडे असं सगळं टेम्पोत भरलं आणि तुळजापूर, नळदुर्ग करीत लोहाऱ्याकडं निघालो. पाऊस लागून राहिलेला. रस्त्यावर गाड्यांची ही रांग. त्यात मदत घेऊन जाणारे होते, तसे नुसते बघायला निघालेलेही होते. कडेला जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात भिजत पडलेले. कोणी कोट टाकलेले, कोणी फाटकी पातळं. आमच्या टेम्पोतही तसलाच एक ढीग होता. तेव्हा आम्हाला त्याची लाज वाटली नाही. ती पुढं वाटली.

सास्तूरच्या पुढं एका गावी पोचलो. गाव कसलं, दगडांचा उकिरडाच. चिता जळत होत्या आणि पावसानं विझत होत्या. जवान ढिगारे उपसत होते. तिथं एका ताडपत्रीखाली सात-आठ बाया बसलेल्या. त्यातल्या एकीचा नवरा आणि दोन लेकरं गेली होती. ती स्वतः अंगणात झोपली होती म्हणून वाचली. रडत नव्हती. नुसती बसली होती.

आता इथं आम्ही आमची चूक सांगतो. आम्ही तिच्यापुढं भाकरी ठेवली, लुगडं ठेवलं आणि समजूत घालायला बसलो. आमच्यातल्या एकीनं किसा गौतमीची कथा सुरू केली. ज्या घरात कधी कोणी मेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, असं तथागतांनी तिला सांगितलं, ती दारोदार फिरली वगैरे. कथा खरी आहे, चांगली आहे, आपण सगळे ती सांगतो. त्या बाईनं सगळी ऐकली आणि म्हणाली, "बाई, मोहरी मागायला उंबरा तरी कुटं राहिलाय?"

आम्ही गप्प झालो. कथा सांगणारी तर उठून टेम्पोमागं जाऊन रडली. अक्कानं काय केलं? ती त्या बाईजवळ सरकली, कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "माय, तुला काय पायजे?"

बाई म्हणाली, "कंगवा."

तिच्या केसांत ढिगाऱ्याची माती होती. दोन दिवस हातानं दगड उपसले होते. लेकरांना शोधताना माती डोक्यात गेली, पावसानं ती घट्ट बसली, आणि डोकं नुसतं ठणकत होतं. एवढा मोठा टेम्पो भरून आणला होता, पण त्यात एक कंगवा नव्हता! अक्कानं आपल्या पिशवीतली फणी काढली आणि तिथंच बसून तिचे केस विंचरले. तासभर लागला असेल. विंचरता विंचरता ती बाई रडायला लागली. मग बाकीच्या बाया बोलायला लागल्या. कोणाला आडोसा पाहिजे होता, उघड्यावर अंघोळ कशी करायची? कोणाची पाळी आलेली, स्वच्छ कापड नव्हतं. कोणाला कंदील, काड्यापेटी. एकीला पोस्टकार्ड पाहिजे होतं, पुण्याच्या भावाला 'मी जिती हाय' असं कळवायला. आम्ही ते सगळं चटणीच्या पुड्याच्या कागदावर लिहून घेतलं.

परत आलो आणि पौर्णिमेला भन्तेजींना हे सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही किसा गौतमीची कथा घेऊन गेलात, पण त्या दिवशीची कथा दुसरी होती. मग त्यांनी विनयपिटकातल्या आजारी भिक्खूची हकिगत सांगितली. एका भिक्खूला हगवण लागली होती आणि तो आपल्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडं बघत नव्हतं. तथागत आनंदाबरोबर फिरत तिथं आले. त्यांनी उपदेश सुरू केला नाही. आधी विचारलं, तुला काय होतंय? तुझं करायला कोणी आहे का? मग आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचललं आणि खाटेवर निजवलं. भिक्खूसंघाला जे सांगायचं ते त्यानंतर सांगितलं. आधी प्रश्न, मग पाणी, मग धम्म. हा क्रम आम्ही चौघींनी तेव्हापासून गाठीला बांधला.

दुसऱ्या खेपेला आम्ही कपड्यांचा ढीग नेला नाही. फण्या, खोबरेल, सुई-दोरा, धुतलेलं सुती कापड, कंदील, काड्यापेट्या, पोस्टकार्डं, आडोशाला चार जाड चादरी असं नेलं. किंमत पहिल्या खेपेपेक्षा कमी, उपयोग दसपट.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. एका ठिकाणी आम्ही भाकरी वाढत असताना एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुम्ही कोणाच्यातले?" आम्ही जय भीमवाले म्हणून सांगितलं. दोन-तीन हात मागं गेले. घर नाही, दार नाही, पाठीमागं चिता जळतीय, तरी हात मागं गेले! आमच्यातली एक रागानं टोपली उचलायला लागली. अक्का म्हणाली, "ठेव टोपली हितंच. आपुन बाजूला बसू. भूक लागंल तवा घेतील." आणि घेतल्या. पण ती गोष्ट आम्ही विसरलो नाही, आणि विसरूही नये. जमिनीनं घरं पाडली, मनातल्या भिंती काही पाडल्या नाहीत. पुढं पुनर्वसनात घरं वाटली ती जमिनीच्या हिशेबानं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. म्हणजे ज्याच्या बापजाद्यांना जमीन मिळूच दिली नाही, त्याला नव्या गावातही लहान घर. भूकंप सगळ्यांना सारखा आला, घर मात्र सारखं आलं नाही.

ती कंगवा मागणारी बाई आपल्या समाजाची नव्हती. पण तिनं पहिल्या दिवशीच आमची भाकर घेतली होती आणि पुढंही कधी मागंपुढं पाहिलं नाही. नव्या गावात तिला घर मिळालं तेव्हा तिनं आम्हाला बोलावलं. तिचे दीर-जावा दारातच थांबले. तिनं कप मांडले, सगळ्यांना एकसारखे, आणि आमच्याआधी आपल्या दिराला म्हणाली, "घ्या भावजी, च्या थंड होतोय." दिरानं कप उचलला. आम्ही तिला 'सोयरी' म्हणायला लागलो. सोयरीक जातीबाहेर होत नाही म्हणतात, आमची झाली.

सोयरी मग वर्षातून दोनदा यायची. कधी तुरीची डाळ घेऊन, कधी हुरडा घेऊन. एका वर्षी मंडळाची सहल तेरला नेली, तेव्हा तिलाही घेतलं. तेर म्हणजे जुनं तगर. रोमच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं आपलं गाव. तिथलं लामतुरे यांच्या नावाचं संग्रहालय पाहिलं, मातीच्या बाहुल्या पाहिल्या, शंखाच्या बांगड्या पाहिल्या. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ पाहिलं. त्याची मागची बाजू अर्धगोल, चैत्यासारखी, म्हणून ते मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं असं काही अभ्यासकांनी म्हटलेलं आहे. आम्ही आपल्या इतिहासाच्या अभिमानानं बोलत होतो. सोयरी मात्र भिंतीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "हजार वर्सं हुभी हाय की ही. आमची एका रातीत गेली." अक्कानं तिचा हात धरला. मग आम्ही सगळ्याजणी तेरणाकाठी बसलो आणि डबे सोडले. त्या दिवशी हसणंही खूप झालं. सोयरी पोट धरून हसलेली आम्ही पहिल्यांदा पाहिली.

आता वाईट भाग सांगतो आणि संपवतो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. अक्का तेव्हा सत्तरीला टेकलेली. सगळे दारं लावून बसलेले असताना तिनं खिडकीतून प्रत्येक घराला हाक मारून विचारायला सुरुवात केली, "काय पायजे गं?" कोणाकडं गोळ्या संपल्या, कोणाकडं गॅस. वस्तीतल्या पोरांना ती यादी करून द्यायची आणि पोरं आणून द्यायची. दवाखान्यात पेशंटजवळ थांबणाऱ्या नातेवाइकांना जेवण मिळत नाही असं कळलं, तेव्हा डब्याची पाळी तिनंच लावली. जशी सारवायची पाळी असायची, तशीच. एका गल्लीला एक वार.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, ती गेली. सहा दिवसांत. जिनं चाळीस वर्षं वस्तीतल्या प्रत्येक मयताला आधी जाऊन घर सावरलं, तिच्या मयताला आम्ही जाऊ शकलो नाही. तिचं तोंड बघायला मिळालं नाही. त्रिसरण-पंचशील आम्ही आपापल्या उंबऱ्यात उभं राहून म्हटलं. एका घरातून आवाज आला, मग दुसऱ्या, मग अख्ख्या गल्लीतून. ते ज्यांनी ऐकलं, त्यांना आम्ही वेगळं काय सांगावं?

आम्हाला वाटायचं, अनित्य म्हणजे काय हे आम्हाला माहीत आहे. रोज म्हणतो ना! पण डबा भरताना चार भाकऱ्या एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला अशी हाताला सवय. तिसऱ्या दिवशी अक्काच्या वाटणीचं पीठ तसंच परातीत राहिलं, तेव्हा कळलं. माणूस जातं ते आधी हाताला कळतं, डोक्याला मागाहून.

जुलैमध्ये गाड्या सुरू झाल्यावर सोयरी आली. तोवर भेटायला येणारे सगळे समजूत घालून गेले होते. संसार असाच आहे, सगळ्यांना जायचंच आहे, अक्का पुण्यवान होती. सगळं खरं. आम्हीही माना हलवल्या. सोयरी आली, पायरीवर बसली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माय, तुमाला काय पायजे?"

अठ्ठावीस वर्षांनी तो प्रश्न आमच्याकडं परत आला. तेव्हा आम्ही रडलो. आणि विचारल्यावर कळलं की आम्हाला काय पाहिजे आहे. समजूत नको होती. डब्याच्या पाळीला एक हात कमी पडत होता, आणि ती पाळी बंद पडते की काय अशी भीती होती. सोयरी आठ दिवस राहिली. पदर खोचून पहाटे भाकऱ्या थापल्या. आपल्या वस्तीतल्या ज्या सुना तोवर लांबून बघत होत्या, त्या एकेक करून पुढं आल्या. परगावची बाई येऊन आपल्या विहाराच्या भाकरी करते आणि आपण बघत बसतो, याची त्यांना लाज वाटली असेल किंवा माया आली असेल. काही का असेना, पाळी चालू राहिली आणि आजही चालू आहे. बुधवारची गल्ली आज इथं पुढच्याच रांगेत बसली आहे.

बंधू-भगिनींनो, महिला मंडळाचं कार्य म्हणजे एवढंच. आम्ही काही मोठं केलं नाही. जिथं मोठं करायला गेलो तिथं चुकलो, आणि एका कंगव्यानं आम्हाला शहाणं केलं. म्हणून या वर्धापनदिनी तीन मागण्या आहेत.

पहिली, या विहारातून कोणतीही मदत निघायच्या आधी एक माणूस तिथं जाऊन विचारून यावा. काय जमा झालंय यावरून मदत ठरू नये, काय पाहिजे यावरून ठरावी. दुसरी, डब्याच्या पाळीत पुरुषांचीही नावं असावीत. १९९३ साली नकाशासारख्या का होईना, भाकरी जमल्या होत्या. आता तर त्यांची नातवंडं गॅसवर शिकलीत! आणि तिसरी, शेजारी कोणाच्या घरी दुःख झालं, तर पहिल्या दिवशी उपदेश घेऊन जाऊ नका. शेजारी बसा. मग विचारा. धम्म त्या विचारण्यातच आहे, असं आम्हाला अक्कानं शिकवलं.

अक्काची ती फणी आमच्याकडं नाही. ती त्या दिवशीच सोयरीकडं राहिली. दोन दात पडलेत, पण ती अजून वापरते.

फार बोललो, चुकलं असेल तर समजून घ्यावं. इथंच थांबतो.

भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय. जय भीम.